सोडलेलं पोचलं पाहिजे: उपवासकाळ पहिल्यांदा पाळणाऱ्या घरासाठी

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळाला राख लागते आणि त्याच रात्री घरात ठरतं: यंदा मटण बंद, मालिका बंद, कुंद्यासारखं गोड बंद. दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या वास्तुशांतीचं जेवण येतं, तिसऱ्यात पोरांची परीक्षा येते, आणि पाचव्या आठवड्यापर्यंत बंद केलेली एकेक गोष्ट गुपचूप सुरू झालेली असते. लोक म्हणतात, आमचं मन कच्चं. खरं कारण साधं आहे. ठरवतानाच अर्धं ठरवलेलं असतं. काय सोडायचं ते ठरतं. सोडलेलं कुणाच्या हातात जाणार ते ठरत नाही. मग वाचलेले पैसे किराणात मुरतात, वाचलेला वेळ मोबाईल खातो आणि उपवास म्हणजे नुसतं पोटाचं गाऱ्हाणं होऊन बसतं.

हा लेख नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे: नुकताच बाप्तिस्मा घेतलेले, ख्रिस्ती घरात लग्न करून आलेली सून, किंवा आजवर फक्त उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) चर्चला जाणारे. बेळगाव, खानापूर, नंदगड, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातलं घर डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे. कॅथलिक घरांत या दिवसांना उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ म्हणतात, कोकणी घरांत कोरेज्म, मेथॉडिस्ट आणि सीएसआय (चर्च ऑफ साउथ इंडिया) या प्रोटेस्टंट मंडळ्यांत सरळ लेंट. नाव कुठलंही घ्या, काम तेच.

आधी जमवून ठेवायच्या वस्तू

- भिंतीवरचं पंचांगाचं कॅलेंडर. का, ते पहिल्या पायरीत आहे.
- एक पातळ वही आणि तिला दोऱ्याने बांधलेलं पेन. पेन बांधलेलं नसेल तर चौथ्या दिवशी वही कोरी राहते.
- झाकणाला चीर पाडलेला पत्र्याचा डबा. पारदर्शक बरणी नको. आत किती साठलं ते पाहून हात आखडतो.
- पवित्र शास्त्र, घरात ज्या भाषेत वाचलं जातं त्या भाषेतलं. आजी मराठी वाचते आणि नातू कन्नड शाळेत जातो, अशा घरात दोन्ही.
- गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) चर्चमध्ये मिळालेली झावळी, क्रूसाच्या मागे खोचून ठेवलेली.
- तीन-चार कप्प्यांचा स्टीलचा डबा, न गळणारा.
- साखर, रक्तदाब किंवा थायरॉईडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांची शेवटची चिठ्ठी.

१. तारखा एकदाच लावून घ्या

२०२७ मध्ये राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला, झावळ्यांचा रविवार २१ मार्चला, उत्तम शुक्रवार २६ मार्चला आणि ईस्टर २८ मार्चला आहे. २०२८ मध्ये राखेचा बुधवार १ मार्चला आणि ईस्टर १६ एप्रिलला.

तारीख दरवर्षी का हलते? २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार म्हणजे ईस्टर. चर्च ही पौर्णिमा स्वतःच्या तक्त्यावरून धरतं, त्यामुळे पंचांगाशी एखादा दिवस मागेपुढे होऊ शकतो. आपल्या हिशोबाने ती पौर्णिमा कधी फाल्गुनाची असते, कधी चैत्राची. २०२६ मध्ये हनुमान जयंतीनंतर तीन दिवसांनी ईस्टर आला. २०२७ मध्ये ती पौर्णिमा होळीची आहे, म्हणजे होळी थेट पवित्र सप्ताहात, ईस्टरआधीच्या आठवड्यात. पंचांगाचं कॅलेंडर घ्या म्हटलं ते यासाठी. आपले दिवस आणि गल्लीतले सण एकाच कागदावर दिसतात, मग ऐनवेळी धांदल होत नाही.

दिवस मोजताना नवा माणूस हमखास चुकतो. राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत ४६ दिवस होतात. मधले ६ रविवार उपवासात धरत नाहीत, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस. उरतात ४०. कॅलेंडरवर रविवार सोडून १ ते ४० आकडे पेन्सिलीने टाका. मात्र रविवार मोकळा आहे म्हणून सहा दिवसांची भरपाई एका ताटात करू नका. सोमवारी पोट आणि निश्चय दोन्ही बिघडतात.

त्याच बैठकीत दहावी-बारावीच्या परीक्षेचे दिवसही लिहून टाका. परीक्षेला बसलेल्या मुलावर उपवास लादू नये. त्याच्यासाठी वेगळं काहीतरी ठरवा, ते पुढे येईल.

२. आपल्या मंडळीची शिस्त विचारा, शेजाऱ्याची उचलू नका

बेळगावात १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचं काम सुरू झालं, १९०४ मध्ये ते मेथॉडिस्टांकडे गेलं. कॅथलिक धर्मप्रांत १९५३ चा. छावणीमुळे अँग्लिकन उपासनाही इथे जुनी. म्हणजे एकाच गल्लीत तीन ख्रिस्ती घरं आणि तिघांच्या तीन रीती, यात नवल नाही.

कॅथलिकांसाठी नेम लिखित आहे. राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार हे उपवासाचे दिवस: एकच पोटभर जेवण, आणि हवं तर दोन वेळा थोडं खाणं, तेही इतकंच की दोन्ही मिळून जेवणाएवढं होऊ नये. वयाची १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंत हा नेम लागू. मांसवर्ज्य १४ वर्षं पूर्ण झाल्यापासून पुढे. आजारी माणसाला, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला, जड अंगमेहनत करणाऱ्याला सूट आहे. इतर शुक्रवारांबद्दल आपल्या चर्चमध्ये काय वाचून दाखवतात ते राखेच्या बुधवारच्या आधीच्या रविवारी कान देऊन ऐका.

मेथॉडिस्ट आणि सीएसआय मंडळ्यांत ताटाविषयी सक्ती नाही. पाळक आठवड्याच्या सभा, वाचनं आणि दानाचा उद्देश जाहीर करतात, बाकीचं घराघरावर. काही मंडळ्या लेंट पाळतच नाहीत. त्या महिन्यातून ठरलेल्या दिवशी उपास-प्रार्थना घेतात. सासर एका मंडळीचं आणि माहेर दुसरीचं असेल तर त्या वर्षी एकच शिस्त धरा. दोन्हीकडचं थोडं थोडं घेतलं की सोयीचं तेवढंच शिल्लक राहतं.

राखेसाठी गेल्या वर्षीची झावळी जाळतात. ती राखेच्या बुधवारच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये नेऊन द्या. कचऱ्यात टाकू नका. घरी ठेवायची नसेल तर जाळून राख झाडाच्या बुंध्याशी घाला. राखेच्या बुधवारी सरकारी सुट्टी नसते, त्यामुळे कामावर जाणाऱ्यांनी सकाळची किंवा संध्याकाळची वेळ आधी विचारून ठेवावी. कपाळावरची राख पुसायची की ठेवायची याला नियम नाही. ऑफिसात कुणी विचारलं तर एक वाक्य पुरतं: "आमचा उपवासकाळ आज सुरू झाला."

३. सोडायचं ते रुपयांत आणि मिनिटांत लिहा

वहीच्या पहिल्या पानावर तीन रकाने आखा: काय सोडलं, किती वाचलं, कुणाला गेलं. मत्तय ६ मध्ये येशू दान, प्रार्थना आणि उपवास एका दमात सांगतो. हे तीन रकाने म्हणजे तेच, फक्त घरखर्चाच्या भाषेत.

"राग सोडणार", "चांगलं वागणार" असलं काही लिहू नका. ते मोजता येत नाही आणि तिसऱ्या दिवशी कुणाला आठवतही नाही. असं लिहा:

- कामावरचा दुपारचा चहा आणि भजी: रोजचे ३० रुपये. ४० दिवसांचे १,२००.
- रात्री ९ नंतरचा मोबाईल: रोजची ४५ मिनिटं. ४० दिवसांचे ३० तास.
- रविवारखेरीज घरात गोड नाही: आठवड्याला अर्धा किलो कुंद्याचे पैसे, बाजारभावाने.

एका माणसाने दोनच गोष्टी घ्याव्यात, एक पैशाची आणि एक वेळेची. पाच लिहिणारा पाचही सोडून देतो. आणि तिसरा रकाना कोरा असेल तर पहिला रकाना धरूच नका. "वाचलेलं नंतर बघू" असं लिहिलेल्या ओळीचे पैसे ईस्टरच्या बिर्याणीत जातात.

लहान मुलांना पदार्थ सोडायला लावण्यापेक्षा एक काम द्या. दहावीचा मुलगा अभ्यासात आहे, तर त्याने आपल्या जुन्या वह्यांतली कोरी पानं काढून शिवून ठेवावीत, परीक्षेनंतर खालच्या वर्गातल्या कुणाला तरी द्यायला. तासाभराचं काम आहे.

४. ताट: मराठी माणसाचा खरा गोंधळ इथे

मराठीत उपवास म्हटलं की डोळ्यांपुढे साबुदाणा, वऱ्याचे तांदूळ, राजगिऱ्याचा लाडू. आपल्या उपवासकाळात 'उपवासाचे पदार्थ' असा प्रकारच नाही. भात, भाकरी, आमटी, कांदा, लसूण सगळं चालतं. बदलतं ते प्रमाण, आणि मांस जातं. शेंगदाण्याचा कूट आणि बटाटा घातलेली ताटभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर जोंधळ्याची एक भाकरी आणि मुगाच्या उसळीपेक्षा ती भारीच पडते. सून हिंदू घरातून आली असेल तर तिला हे आधीच समजावून सांगा, नाहीतर ती बिचारी पहाटे उठून साबुदाणा भिजत घालते.

कॅथलिक नेमात मांस वर्ज्य म्हणजे मटण, चिकन, डुकराचं मांस. मासे, अंडी, दूध चालतं. इथे दुसरी फसगत. शुक्रवारी गोव्याकडून आलेली सुरमई मटणाच्या भावाने आणली तर नेम पाळला जातो, पण डब्यात टाकायला काही उरत नाही. शुक्रवारचं जेवण रोजच्या जेवणापेक्षा स्वस्त पडलं पाहिजे, ही साधी कसोटी लावा. पिठलं-भाकरी, कुळथाचं पिठलं, आमटी-भात, फार तर भाजलेला सुका बांगडा आणि पेज.

हलक्या जेवणासाठी नाचणीची आंबील उत्तम. मार्चच्या उन्हात तिच्यासारखं दुसरं काही नाही. चार माणसांसाठी:

- नाचणीचं पीठ ६ मोठे चमचे एक कप पाण्यात गुठळ्या मोडून कालवा आणि रात्रभर झाकून ठेवा.
- सकाळी ४ कप पाणी उकळा, चवीपुरतं मीठ घाला, भिजलेलं पीठ एका हाताने ओता आणि दुसऱ्याने ढवळत राहा.
- मंद आचेवर ७-८ मिनिटं शिजवा. रंग गडद होतो, वर चकाकी येते आणि कच्चा वास जातो.
- पूर्ण निवल्यावरच २ कप ताक घाला. गरम असताना घातलं की ताक फाटतं. वरून ठेचलेला लसूण किंवा चिरलेला कांदा.

उपवासाच्या दिवशी पाणी तोडू नका. अथणी-चिकोडीकडे मार्चमध्येच ऊन चढतं, आणि निर्जळी हा आपला नेम नाही. डोकं दुखतं ते बहुधा चहा एकदम बंद केल्यामुळे. राखेच्या बुधवारच्या आधी आठवडाभर रोज अर्धा कप कमी करत आणा.

साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण टाळू नये. गोळी पोटात आणि जेवण नाही, यात साखर एकदम उतरते: घाम, थरथर, भोवळ. असं झालं तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. अशा माणसाने ताटाऐवजी वेळेचा रकाना घ्यावा. नेमाची सूट त्याच्यासाठीच आहे, तिची लाज वाटायचं कारण नाही.

मिस्सात (कॅथलिक उपासनेत) ख्रिस्तशरीर, म्हणजे पवित्र भाकर, घेण्याआधी तासभर काही न खाण्याचा नेम वेगळा, तो वर्षभर असतो. पाणी आणि औषध त्यात चालतं.

५. डबा

पैसे रोज टाका, महिनाअखेरीस एकदम टाकू नका. रोज टाकला तरच तो त्या दिवसाच्या चहाचा पैसा राहतो. ऑनलाईन पैसे देणाऱ्या पोरांनी शनिवारी सुट्टे काढून टाकावेत, म्हणजे हाताला कळतं.

डबा कुणासाठी हे पहिल्याच आठवड्यात ठरवून वहीत लिहा. अर्धा मंडळीच्या जाहीर कामाला आणि अर्धा ओळखीतल्या एका गरजेला, अशी वाटणी सोपी जाते. ओळखीतली गरज म्हणजे काय? कुणाची शाळेची फी, कुणाच्या डायलिसिसचं गाडीभाडं. रोख द्यायची तर एकट्याने, पाकिटात आणि घरी जाऊन द्या. घेणाऱ्याचं नाव घरातल्या मुलांनाही सांगू नका. पोरं शाळेत बोलतात.

फोटो नको. स्टेटसवर दानाचा फोटो टाकणं म्हणजे मत्तय ६ मधला दान देताना तुतारी वाजवणारा, फक्त तुतारी आता खिशात मावते. मदतीबरोबर पत्रक, सभेचं आमंत्रण किंवा "रविवारी या" हेही नको. ज्याला गरज आहे तो नाही म्हणू शकत नाही, आणि जिथे नाही म्हणता येत नाही तिथे निमंत्रणाचं ओझं होतं. गावात गैरसमजही असेच उठतात.

६. हातांनी करायची कामं

यशया ५८ मध्ये देव स्वतःला आवडणारा उपास सांगतो: भुकेल्याला आपली भाकर वाटणं, उघड्याला वस्त्र देणं. खाली चार कामं आहेत. घराने एकच निवडावं.

*सिव्हिलमधला डबा.* जिल्हा रुग्णालयात खानापूर-चंदगडकडून आलेले नातेवाईक दिवसचे दिवस बाहेर काढतात. रुग्णाला रुग्णालयाचं जेवण असतं, सोबतच्याला नसतं. डबा सोबतच्यालाच द्या, रुग्णाला काही भरवू नका. त्याचं पथ्य तुम्हाला ठाऊक नसतं. शस्त्रक्रियेआधी पोटात गेलेला एक घास ऑपरेशन पुढे ढकलू शकतो. वॉर्डातल्या सिस्टरना आधी विचारा. भाकरी, कोरडा झुणका, चटणी आणि केळं सुखाने पोचतं. नारळाचं वाटण घातलेली भाजी उन्हात दुपारपर्यंत आंबते. खिचडी करायची तर १ किलो तांदूळ आणि ४०० ग्रॅम मूगडाळ यात दहा-बारा माणसं जेवतात. शिजल्यापासून दोन तासांत वाढून व्हायला हवी. आठवड्यातला एकच वार धरा आणि तो चुकवू नका. एकदाच शंभर डबे वाटण्यापेक्षा सहा शुक्रवार पाच-पाच डबे बरे. दुसऱ्या शुक्रवारी लोक वाट पाहतात आणि तिसऱ्या शुक्रवारी नावाने ओळखतात.

*कागद वाचून देणं.* हे या सीमाभागाचंच काम आहे, दुसरीकडे फारसं कुणाला सुचायचं नाही. खानापूर तालुक्यातल्या म्हाताऱ्या माणसाला आयुष्यभर मराठी येतं आणि नाडकचेरीतून (सरकारी महसूल कचेरीतून) आलेला कागद कन्नडमध्ये असतो. संध्या सुरक्षाची म्हातारपणाची पेन्शन थांबली, गृहलक्ष्मी योजनेचे बायकांना मिळणारे पैसे आले नाहीत, उताऱ्यात नाव चुकलं, तरी कागदावर काय लिहिलंय तेच कळत नाही. सीमाप्रश्नावर तुमचं मत काहीही असो, त्या आजीला आज फक्त वाचून दाखवणारा माणूस हवा असतो. तुमच्या घरातला कन्नड शाळेत शिकलेला मुलगा किंवा मुलगी शनिवारी संध्याकाळी तासभर बसली तरी चार घरांचं काम होतं. लोकांना आणायला सांगा: आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, आलेला मूळ कागद, आणि शेतीचं काम असेल तर उतारा.

इथे चार गोष्टी कटाक्षाने पाळा. मूळ कागद घरी ठेवून घेऊ नका. कुणाच्या वतीने सही करू नका. ओटीपी विचारू नका. तो ज्याचा त्याने केंद्रावर बसून सांगावा. आणि "काम होईल" असं वचन देऊ नका, फक्त कागदात काय आहे आणि पुढे कुठल्या खिडकीवर जायचं ते सांगा. पैसे तर घ्यायचेच नाहीत, चहासुद्धा त्यांच्याकडून नको.

याच्या उलटंही आहे. गल्लीत कन्नड बोलणारं नवं बिऱ्हाड आलं असेल तर या चाळीस दिवसांत त्यांच्या भाषेतली दहा वाक्यं शिका आणि वापरा. उच्चार चुकले तर ते हसतील, मग चहा पाजतील.

*ऊसतोड कामगारांच्या खोपी.* चिकोडी, अथणी, हुक्केरी, निपाणीकडे हे काम जवळ आहे, पण वेळ थोडा. गळीत हंगाम साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये आटोपतो आणि टोळ्या निघून जातात, म्हणून पहिल्या दोन आठवड्यांतच उरका. आधी मुकादमाला भेटा आणि काय हवं ते बायकांना विचारा. बहुधा मुलांच्या चपला, झाकणाचा पाण्याचा कॅन, बॅटरी, अंगाचा साबण असंच काही सांगतात. फाटक्या साड्यांचं गाठोडं नेऊ नका. जे आपण पाहुण्याला देणार नाही ते तिथेही देऊ नये.

*रक्त.* १८ ते ६५ वय, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५. पुरुषांनी दोन दानांत ९० दिवसांचं आणि बायकांनी १२० दिवसांचं अंतर ठेवायचं. उत्साहाच्या भरात बरेच जण उत्तम शुक्रवारी उपाशीपोटी द्यायला जातात. तसं करू नये. उपाशी माणसाचं रक्त घेत नाहीत आणि चुकून घेतलं तर चक्कर ठरलेली. रविवारी, जेवल्यावर दोन-तीन तासांनी, भरपूर पाणी पिऊन जा.

यातलं काहीच जमण्यासारखं नसेल तर दारात माठ ठेवा. १५ लिटरच्या माठात पाव लिटरचे ६० पेले होतात. नवा माठ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, सावलीत तिकाटण्यावर बसवा, झाकण आणि लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, आणि रोज सकाळी आतून घासा. साबण लावू नका, माती तो पिते आणि पाण्याला वास येतो.

७. उसनं, मजुरी आणि बांध

हे सगळ्यात अवघड आहे आणि यावर चर्चमध्ये बोललंही कमी जातं. मत्तय ५:२३-२४ प्रमाणे वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्याला भावाचा रुसवा आठवला तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायचा आहे. लूक १९ मधला जकातदार जक्कय लबाडीने घेतलेलं चौपट परत करायला निघतो. म्हणून वहीच्या मागच्या पानावर तीन याद्या करा.

पहिली यादी देण्याची: कुणाचे उसने पैसे, भिशीचा थकलेला हप्ता, परत न केलेलं पातेलं. सगळं एकदम फिटणार नसेल तर जाऊन तारीख द्या. टाळत फिरण्यापेक्षा "मे महिन्यात अर्धे देतो" हे चाललं, मात्र मे महिन्यात द्या.

दुसरी मजुरीची. घरकामाच्या बाईंचे, शेतातल्या मजुरांचे, दुकानातल्या पोराचे पैसे ठरल्या दिवशी जातात का? "पुढच्या आठवड्यात घे" हे तुमच्या तोंडात बसलं असेल तर चाळीस दिवस ते वाक्य सोडा. चॉकलेट सोडण्यापेक्षा ते महाग पडेल.

तिसरी भांडणांची. बांधावरून दोन भावांचं बोलणं बंद आहे आणि दावा कोर्टात आहे, अशा ठिकाणी उपवासकाळात जमिनीचा निकाल काढायला जाऊ नका. सह्या, मोजणी, वाटणी यातलं काहीही काढू नका, वकिलाला विचारल्याशिवाय तर मुळीच नाही. फक्त बोलणं सुरू करा. वहिनी आजारी होती तिची चौकशी, पुतण्याची परीक्षा, एवढंच. मध्यस्थ न्यायचा तर दोन्ही घरांनी मानलेला एकच माणूस, पाच जणांची पंचायत नको. पहिल्या खेपेस दार उघडलं नाही तरी दोन आठवड्यांनी पुन्हा जा. आणि घरात मारहाण होत असेल, तर मार खाणाऱ्याला समेट करायला पाठवू नका; तिथे आधी तिची सुरक्षितता पाहायची.

कॅथलिकांनी पापनिवेदन (फादरांपुढे पापांची कबुली) तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच करून घ्यावं. पवित्र सप्ताहात रांग लागते आणि फादरांना दोन मिनिटंही मिळत नाहीत. आपल्या भाषेत बोलायचा संकोच नको. मराठी किंवा कोकणी कळणारे फादर कधी असतात ते आधी विचारून ठेवा.

८. घरची प्रार्थना

दहा मिनिटं, जेवणाआधी, टीव्ही बंद. एक परिच्छेद वाचा, वहीचे तीन रकाने भरा, ज्याला मदत जाणार आहे त्याचं नाव मनात घ्या, आणि प्रभूची प्रार्थना. याहून लांबवली तर लहान पोरं झोपतात. शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची प्रार्थना असते, येशूच्या क्रूसापर्यंतच्या प्रवासातली १४ स्थानं. गुडघे दुखत असतील तर बसून करा.

९. गल्लीतले सण

२०२७ मध्ये रमजानही फेब्रुवारीतच सुरू होतो. म्हणजे शेजारचं मुसलमान घरही उपाशी आणि तुम्हीही. एखाद्या संध्याकाळी खजूर आणि फळं घेऊन जा, ज्या दिवशी तुमचा कडक उपवास नाही त्या दिवशी. होळीची पुरणपोळी आली तर घ्या. मांस वर्ज्य आहे, पोळी नाही. ताट रिकामं परत पाठवू नका, ईस्टरपर्यंत थांबायची गरज नाही. केळं घातलं तरी चालतं. गोड सोडलं असेल तर ती पोळी घरातल्या दुसऱ्या कुणाला द्या, पण दारात उभं राहून आपला उपवास समजावत बसू नका.

१०. पवित्र सप्ताह

झावळ्यांच्या रविवारी प्रत्येकाने एकच झावळी घ्यावी. चार-चार ओढून नेल्या की मागच्यांना मिळत नाहीत. गुरुवारी संध्याकाळी शेवटच्या भोजनाची उपासना असते. पाय धुण्यासाठी कुणाला बोलावलं तर पाय लपवू नका, फक्त मोजे काढून जा. उत्तम शुक्रवारी सरकारी सुट्टी असते आणि मिस्सा नसतो. कॅथलिक चर्चमध्ये दुपारी तीनच्या सुमारास उपासना, तर अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत बारा ते तीन, क्रूसावरच्या सात उद्गारांवर. वयस्कर माणसांनी कडेची जागा धरावी आणि पाण्याची बाटली जवळ ठेवावी.

शनिवारी दुपारी डबा फोडा. रक्कम वहीत लिहा आणि ईस्टरच्या आधी ज्याची त्याला पोचवा, सोमवारवर टाकू नका. रविवारी मटण खुशाल आणा. एक डबा मात्र त्या सिव्हिलच्या ओळखीच्या माणसाला, अजून तिथेच असेल तर.

नवी झावळी क्रूसाच्या मागे खोचा, वही तिच्याखाली ठेवा. दोन्ही पुढच्या राखेच्या बुधवारला लागतील.